उन्हात घातलेल्या फ्लॉप्या आणि बंदीचा ठराव

लिहिण्याची सवय नसलेल्या माणसाने सत्तरीच्या उंबरठ्यावर लेखणी हाती घ्यावी, हे मला स्वतःलाच आगाऊपणाचे वाटते. आयुष्यभर मी इतरांनी लिहिलेली पुस्तके क्रमाने लावून ठेवली, त्यांच्या सुटलेल्या पाठी चिकटवल्या आणि ती वेळेवर परत न करणाऱ्यांना मृदू शब्दांत स्मरणपत्रे पाठवली. माझे मराठी चांगले आहे, असे शाळेत सगळे म्हणत. परंतु भाषा चांगली असणे आणि सांगण्याजोगे काही असणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे ग्रंथपालाइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते. तेव्हा वाचकांनी हे धाडस पोटात घालावे. आवडले नाही तर पान उलटावे. मला वाईट वाटणार नाही, किंवा वाटले तरी मी ते बोलून दाखवणार नाही.

लिहायला बसण्याचे कारण असे, की हल्ली वर्तमानपत्रांतून वरचेवर एक वाद वाचनात येतो. अमुक एका सॉफ्टवेअरचा गैरवापर होऊ शकतो, तर त्यावर बंदी घालावी की नाही? वाद घालणारी माणसे विद्वान असतात आणि ठामपणे लिहितात. मी ते वाचते आणि मला थोडे अवघडल्यासारखे होते, कारण अशी एक बंदी घालण्यात माझा हात होता. घालणारे तसे इतर होते. ठराव मात्र माझ्या अक्षरात आहे.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल म्हणून काम करीत होते. त्या सुमारास महाविद्यालयात दोन संगणक आले. त्यांच्यासाठी ग्रंथालयाशेजारची खोली रिकामी करण्यात आली आणि तिची किल्ली माझ्या जुडग्यात अडकवली गेली. एवढ्याच कारणाने मी संगणक समितीची सचिव झाले. समितीत मी धरून चार जण होतो. प्राचार्य अध्यक्ष, संगणकांवर ज्यांचा जीव होता ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आणि संगणकांवर ज्यांचा मुळीच विश्वास नव्हता ते गणिताचे प्राध्यापक. सभेत ते तिघे बोलत आणि मी लिहून घेई. बोलण्यापेक्षा लिहून घेणे मला नेहमीच सोपे वाटत आले आहे.

भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी मुंबईहून एक फ्लॉपी आणली होती. तीत एक साधन होते. एरवी संगणकातला मजकूर पाहायचा म्हणजे रीतसर पुढच्या दाराने आत जावे लागे. हे साधन जणू घराची कौले काढून वरून आत डोकावू देई. संगणक जे पुसतो ते खरे पुसतच नाही, फक्त त्याचे नाव यादीतून काढतो, हे मला तेव्हाच प्रथम कळले. ते पुसलेलेही त्यातून दिसे. शिवाय दिसणाऱ्या मजकुरातले एखादे अक्षर काढून त्या जागी दुसरे बसवता येई; मात्र एकाच्या जागी एकच, कमी नाही की जास्त नाही. बिघडलेल्या फ्लॉपीतून मजकूर सोडवून आणण्यासाठी ते बनवलेले होते.

त्याचा गैरवापर व्हायला एक सत्र पुरले. उपस्थिती कमी असलेल्या विद्यार्थ्यांची यादी मी संगणकावर छापली आणि फलकावर लावली. दुपारी फलकापुढे हीऽ गर्दी आणि हशा. यादीच्या मधोमध गणिताच्या प्राध्यापकांचे नाव होते. बावीस वर्षांत त्या गृहस्थांनी एक तास चुकवला नव्हता. ते आले, त्यांनी चष्मा लावला, यादी दोनदा वाचली, वर्गावर जाऊन पूर्ण तास शिकवला आणि मगच प्राचार्यांच्या खोलीचे दार ढकलले.

गुन्हेगार शोधायला फारसा वेळ लागला नाही. ज्या नावाच्या जागी त्यांचे नाव बसले होते, ते नाव यादीतून नाहीसे झाले होते. ती दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती, पहिल्या बाकावर बसणारी, गरीब चेहऱ्याची. तिच्या नावाची इंग्रजी अक्षरे आणि प्राध्यापकांच्या नावाची अक्षरे संख्येने नेमकी सारखी भरत होती. तास का बुडवले, असे प्राचार्यांनी विचारले, तेव्हा तिने खाली मान घालून सांगितले, की ते सगळे तास ती शेजारच्या संगणकाच्या खोलीतच होती.

मग समितीची सभा भरली. गणिताच्या प्राध्यापकांचे म्हणणे स्पष्ट होते. आज यादी, उद्या गुणपत्रिका. ज्या वस्तूने हे करता येते ती वस्तू महाविद्यालयात असता कामा नये. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी विळीचे उदाहरण दिले. विळीवर बोट कापते म्हणून कुणी स्वयंपाकघरातून विळी काढून टाकत नाही.

“विळीने माझंच बोट कापतं,” गणिताचे प्राध्यापक म्हणाले. “दुसऱ्या घरी बसून माझं बोट कापणारी विळी तुम्ही पाहिलीय का कधी?”

यावर भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी टाइपरायटरचे उदाहरण पुढे केले. प्राचार्यांविरुद्ध जे निनावी अर्ज विद्यापीठाकडे गेले होते ते सगळे ऑफिसातल्याच टाइपरायटरवर लिहिलेले होते, आणि टाइपरायटर अजून जागेवर आहे, असे त्यांनी निदर्शनास आणले. प्राचार्य खोकले आणि हा मुद्दा इतिवृत्तात घेऊ नये, असे त्यांनी मला सुचवले. मी तो खोडला.

मला या विषयात एक मत होते. ती यादी लावण्यापूर्वी कुणीतरी एकदा वाचली असती तर काहीच घडले नसते, असे ते मत होते. परंतु यादी छापणारी आणि लावणारी मीच होते. ती न वाचणारीही अर्थातच मी. तेव्हा मत मनात ठेवून मी ठराव लिहिला. सदर साधनाचा वापर महाविद्यालयात कोणत्याही कारणासाठी करण्यास या ठरावाने बंदी करण्यात येत आहे. मूळ फ्लॉपी लाखेचे सील लावून प्राचार्यांच्या कपाटात ठेवावी. विद्यार्थ्यांकडे प्रत असल्यास ती जमा करून घ्यावी. त्या मुलीने एक प्रत मुकाट्याने आणून दिली आणि तिला पुढचा ठराव होईपर्यंत संगणकाच्या खोलीत येण्यास मनाई झाली. साधनावर सगळे खापर फुटले आणि माझ्यापर्यंत काही आले नाही, याचे मला बरेच वाटले, हे आज कबूल करते.

आता ग्रंथालयाच्या शिपायांविषयी सांगायला हवे. सगळे महाविद्यालय त्यांना मामा म्हणे, प्राचार्यसुद्धा. सातवीपर्यंत शिकलेले, पण ग्रंथालयातले कोणते पुस्तक कोणत्या फळीवर आहे ते त्यांना माझ्यापेक्षा आधी सापडे. आमच्या सूचीच्या खणांना वाळवी लागली होती. पुस्तकांच्या नोंदीची हजारो कार्डे अर्धीमुर्धी खाल्ली गेली होती. तेव्हा उरलेल्या कार्डांवरून आणि फळ्यांवरच्या पुस्तकांवरून नवी सूची संगणकावर करायची असे ठरले. दोन वर्षे रोज दुपारी मामा नोंदी वाचत आणि मी त्या उतरवून घेई. त्यांच्या वाचण्यात कोकणी हेल होता. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाचे नावही ते मासळीचे भाव सांगावेत अशा चढउताराने सांगत. काम संपल्यावर वाळवी इतर पुस्तकांत पसरू नये म्हणून प्राचार्यांनी जुनी कार्डे जाळायला लावली. सारी सूची चार फ्लॉप्यांत मावली. मी शिकलेली बाई. मी तिची दुसरी प्रतही केली आणि वेगळ्या कपाटात ठेवली. दोन्ही कपाटांच्या किल्ल्या माझ्याप्रमाणे मामांकडेही होत्या.

मी मूळची घाटावरची. लग्न होऊन कोकणात आले तेव्हा पावसाळ्यापूर्वीची इथली लगबग मला नवी होती. इथे मे महिना म्हणजे आगोटीचा. चार महिने पुरेल एवढे सामान भरायचे आणि घरातली जी वस्तू ओल धरेल ती आधी कडक उन्हात घालून मग डब्यात बंद करायची. गाद्या, मिरच्या, डाळी, कोकमाची आमसुले, फणसाची साठे म्हणजे वाळवलेल्या पोळ्या, मुलांची पुस्तके. पुढे पावसात पायांतल्या चपलांनाही बुरशी येते, तेव्हा उन्हाचा हा सोपस्कार किती शहाणपणाचा ते कळते. महाविद्यालयामागे मामांची दोन खोल्यांची चाळ होती आणि पुढे शेणाने सारवलेले खळे, म्हणजे अंगण. मे महिन्यात त्या खळ्यात पाय ठेवायला जागा नसे.

बंदी घातली त्याच वर्षी सुट्टीत मी पुस्तकांची वार्षिक मोजणी करायला गेले. सूची हवी म्हणून कपाट उघडले, तर फ्लॉप्या नव्हत्या. दुसरे उघडले, तेही रिकामे. मामांना हाक मारली. ते पंच्याला हात पुसत प्रसन्न मुद्रेने आले.

“आगोटीचं सगळं आवरलं, बाई,” ते म्हणाले. “ग्रंथालयाचंसुद्धा.”

त्यांनी मला खळ्यात नेले. एका बाजूला आमसुले, एका बाजूला आंबापोळीची ताटे आणि मध्ये धुतलेल्या गोणपाटावर दोन रांगांत मांडलेल्या आठ काळ्या फ्लॉप्या. वारा नेऊ नये म्हणून प्रत्येकीवर एकेक चिऱ्याचा तुकडा ठेवलेला होता. सगळ्या पापडासारख्या वाकल्या होत्या.

“किती दिवस आहेत या इथे?” मी विचारले.

“चार. रोज उलटतोय. दोन्ही अंगांनी ऊन लागायला हवं.” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते हळूच म्हणाले, “तुम्ही घाटावरच्या, बाई, तुम्हाला हितली ओल ठाऊक नाय. म्हणून तुमच्या कपाटातल्यापण आणल्या.”

आठही फ्लॉप्या मी संगणकात घालून पाहिल्या. काही आत शिरल्याच नाहीत. ज्या शिरल्या त्यांनी भाताच्या गिरणीसारखा आवाज केला आणि पडद्यावर एकच ओळ उमटली, की वाचता येत नाही. मामा दारात उभे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते, पण तीच ओळ आठ वेळा पाहिल्यावर ती त्यांना समजली.

“माझ्या हातून गेलं काय हे?”

मी बघू म्हटले. जुलैअखेर ते निवृत्त व्हायचे होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या सेवापुस्तकात एकही लाल शेरा नव्हता आणि या गोष्टीचा त्यांना केवढा अभिमान होता हे मला माहीत होते. पाहुणे आले की ते चहाबरोबर ही हकीकत सांगत. आणि सुट्टीपूर्वीच प्राचार्यांचे परिपत्रक निघाले होते, की संगणकाच्या साहित्याचे नुकसान झाल्यास जबाबदार व्यक्तीच्या सेवापुस्तकात नोंद होईल. ते परिपत्रक सगळ्या विभागांत मामाच फिरवून आले होते. साहेब आले की मीच सांगतो, तुम्ही मध्ये पडू नका, असे ते म्हणाले. मी त्यांच्याकडून एवढेच वचन घेतले, की महाविद्यालय उघडेपर्यंत गप्प राहायचे.

भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांकडे त्या सुट्टीत मुंबईचे पाहुणे आले होते आणि त्यांना घेऊन ते एक दिवसाआड गणपतीपुळ्याला जात होते. एका संध्याकाळी परतताना ते पाहुण्यांना बाहेर जीपमध्ये बसवून ग्रंथालयात आले. त्यांनी फ्लॉप्या उजेडात धरल्या, वास घेतला आणि आमसुलांचा वास येतो असे सांगितले. बाहेरचे पाकीट वाकले आहे. आतली चकती बहुधा बरी असावी, असे त्यांचे मत पडले. पाकीट कापून चकती दुसऱ्या चांगल्या पाकिटात घालता येईल. पण ठिकठिकाणी मजकूर उडालेला असणार आणि नेहमीच्या पद्धतीने नक्कल केली तर पहिल्या खराब जागेवरच ती थांबेल. खराब जागा ओलांडून पुढचे वाचणारे साधन एकच.

“आणि ते लाखेच्या सीलखाली आहे,” ते म्हणाले. “ठराव कुणी लिहिला होता हो?”

“मी.”

“अक्षर छान आहे तुमचं,” असे म्हणून ते जीपकडे गेले.

प्राचार्य सुट्टीसाठी दापोलीकडे मुरुडला, आपल्या गावी गेले होते. कपाटाची किल्ली त्यांच्याबरोबर होती. ट्रंक कॉल करून परवानगी मागायची तर कशासाठी ते सांगावे लागले असते आणि ते सांगणे म्हणजे मामांचे नाव घेणे. दोन दिवस मी घरात कशावरच लक्ष लागत नसल्यासारखी वावरले. मग एकदम माझ्या मनात आले, की आपण बंदी घातली तेव्हा ती पाळणाऱ्या माणसांकडचेच साधन तेवढे गेले. जिच्यामुळे बंदी घातली, तिच्याकडे ते अजून असणार.

त्या मुलीच्या घरच्यांचे हातखंब्याला, महामार्गावर तीन रस्ते मिळतात त्या तिठ्याजवळ चहाचे हॉटेल होते. तिचे वडील मुंबईला कामाला. हॉटेल आई चालवी. मी एसटीने तिथे उतरले. इतक्या ट्रकवाल्यांच्या मधून आत जायचे मला फार जड गेले. मुलगी गल्ल्याशेजारी भजी कागदात बांधत होती. मला पाहून तिचा हात थांबला. आईने पदर सावरला आणि हिने आता आणखी काय केलेन, असे मलाच विचारले. काही नाही, सहज आले, असे मी म्हटले. हातखंब्याच्या तिठ्यावर कुणी सहज येत नाही, हे त्या दोघींच्या तोंडावर दिसत होते.

चहा पिऊन झाल्यावर मुलगी माझ्याबरोबर मागच्या पडवीत आली. फिरवून फिरवून बोलण्याचे कसब माझ्यात नाही. म्हणून मी सरळ म्हटले, “त्या साधनाची आणखी एक प्रत तुझ्याकडे असेल, असं मला वाटतं.”

“नाही म्हटलं तर विश्वास ठेवाल, बाई?”

“ठेवीन.”

“मग नाहीये.” तिने भज्यांचे तेलकट हात पुसले. “आणि आहे म्हटलं तर?”

“तर दुपारच्या गाडीने माझ्याबरोबर चल. मामांचं काम अडलंय.”

मी तिला सगळे सांगितले. रोज उलटण्याचा भाग आला तेव्हा तिला हसू आवरेना. मग हसू थांबवून ती पडवीच्या पायरीवर बसली. महाविद्यालयाच्या पहिल्या दिवशी खोली न सापडून ती जिन्यात रडत बसली असता मामांनीच तिला हात धरून वर्गापर्यंत पोचवले होते, असे तिने सांगितले. मग आत जाऊन ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. बिस्किटांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, फ्लॉपी होती.

पुढचे तीन दिवस म्हणजे माझ्या नोकरीतले सर्वांत आनंदाचे दिवस. मामा दाढीच्या ब्लेडने वाकलेल्या पाकिटाची एक कड कापत आणि आतली चकती दोन बोटांत अशी अलगद उचलत, की आंबोळीसुद्धा कुणी इतक्या जपून उलटत नसेल. मी नव्या फ्लॉप्यांची पाकिटे रिकामी करून देई. मुलगी संगणकापुढे बसे. पडद्यावर नोंदी एकेक करून वर येत, मध्येच चिन्हांचा नुसता भुगा येई, आणि ती म्हणे, “इथे गेलं, बाई. दुसरी प्रत घाला.” एका प्रतीत जे उडाले होते ते बहुधा दुसऱ्या प्रतीत शाबूत असे. दोन्हींत उडालेले असले की मागचीपुढची नोंद ऐकून मामा फळीकडे जात आणि ते पुस्तकच उचलून आणत. त्यांच्या बायकोने आम्हाला सोलकढी आणि आंबापोळी पुरवली. आंबापोळीचे हात संगणकाला लावायचे नाहीत, हा त्या तीन दिवसांत आम्ही केलेला एकमेव नियम. तो सगळ्यांनी पाळला.

तिसऱ्या दिवशी दुपारी, मामा फळ्यांकडे गेले असताना, पडद्यावर सूचीऐवजी वेगळेच काही आले. त्या काळी फ्लॉप्यांची टंचाई असल्याने ऑफिसने वापरून पुसलेल्या काही फ्लॉप्या मला दिल्या होत्या. हे पूर्वीच पुसलेले एक पत्र होते. प्राचार्यांनी वरिष्ठांना धाडलेला गोपनीय अहवाल, इंग्रजीत. पहिल्या ओळीत माझे नाव होते.

“बाई, हे तुमचंय,” मुलगी म्हणाली. “पुढे जाऊ?”

“थांब जरा.”

ती खुर्ची सरकवून उठली, खिडकीशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून बाहेर आंब्याच्या झाडाकडे पाहत राहिली. गणिताच्या प्राध्यापकांचे नाव फलकावर चढवणारी मुलगी खिडकीबाहेर पाहत होती आणि बंदीचा ठराव लिहिणारी मी, दुसऱ्याचे गोपनीय पत्र वाचत होते. कामात चोख, असे त्यात माझ्याविषयी लिहिले होते. वाचन चांगले. सभेत कधीही तोंड उघडत नाही. तथापि, आणि त्या तथापिनंतर चिन्हांचा भुगा. तिथेच ऊन लागले होते. पुसलेला मजकूर नकलेबरोबर जात नाही, त्यामुळे दुसऱ्या प्रतीत तो असण्याची शक्यता नव्हती. तथापि काय, ते मला आजतागायत कळलेले नाही. प्राचार्य एरवी फार मोजके बोलणारे गृहस्थ होते, म्हणून जास्त हुरहुर लागली.

मी पुढे जा म्हटले. मुलगी येऊन बसली आणि त्याविषयी पुन्हा कधी बोलली नाही.

सूची पूर्ण झाली. जूनमध्ये महाविद्यालय उघडताच समितीची सभा भरली आणि पहिल्या विषयाला सुरुवात होण्याआधी मी बोलले. इतिवृत्ताची वही मी मिटून ठेवली. ग्रंथसूचीच्या सर्व फ्लॉप्या उन्हाने खराब झाल्या होत्या. त्या माझ्या ताब्यातल्या असल्याने जबाबदारी माझी आहे. बंदी घातलेले साधन वापरून मी सूची परत मिळवली आहे. एवढे बोलून मी थांबले; प्रत कुणाकडची, ते मी सांगितले नाही आणि पुढेही कुणी विचारले नाही. तिघेही माझ्याकडे पाहत होते. बहुधा मी काय म्हणते यापेक्षा मी बोलते आहे याचेच त्यांना नवल वाटत असावे.

“कपाटात ऊन कुठून आलं?” गणिताच्या प्राध्यापकांनी विचारले. प्रश्न अगदी बिनतोड होता.

चहाचा ट्रे घेऊन मामा दारात उभे होते. “मी वाळत घातल्या,” ते म्हणाले. “बाईंचा काय संबंध नाय. खळ्यात घातल्या, साहेब, आमसुलांच्या शेजारी.”

प्राचार्यांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसला. ते मुरुडचे. पावसाळ्यापूर्वी त्यांच्या घरी काय काय वाळत पडते, हे त्यांना कुणी सांगायला नको होते.

“आमसुलं वाळली का नीट?” त्यांनी विचारले.

“वाळली, साहेब.”

“मग थोडी आमच्याकडे पाठवा,” प्राचार्य म्हणाले आणि चहा घेतला. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक मोठ्याने हसले. सेवापुस्तकाचा विषय तिथे मिटला. मामा ट्रे ठेवून गेले तेव्हा जिन्यात ते बराच वेळ नाक शिंकरत असल्याचे ऐकू आले.

परंतु बंदीचा विषय मिटला नव्हता. ती उठवावी, असे भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी लगेच सुचवले. साधन नसते तर दोन वर्षांचे काम बुडाले असते. गणिताच्या प्राध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतले. आपला राग आता गेला आहे आणि त्या मुलीला संगणकाच्या खोलीत पुन्हा येऊ द्यायला आपली हरकत नाही, असे त्यांनी सांगितले. मग ते माझ्याकडे वळले.

“बाईंनी चांगल्या कामासाठी वापरलं, हे मला मान्य. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं, तर तेवढ्यावर थांबलं असतं का, हा माझा प्रश्न आहे. सूची काढता काढता नजरेला आणखी काही पडलं असतं, तर?”

प्राचार्यांना ते पटल्यासारखे दिसले. निर्णय घेण्यापूर्वी एक गोष्ट इतिवृत्तात नोंदवायला हवी, असे म्हणून त्यांनी मला विचारले, “सूचीखेरीज त्या साधनाने आणखी काही वाचलं गेलं का, बाई?”

माझा चहा तसाच होता. खरे सांगितले असते तर गणिताच्या प्राध्यापकांचे म्हणणे तिथल्या तिथे सिद्ध झाले असते. साधन पुन्हा सीलखाली गेले असते, मुलीची मनाई चालूच राहिली असती, आणि कदाचित मामांच्या खळ्याचा विषयही पुन्हा निघाला असता. खोटे सांगितले तर ठराव चुकीच्या माहितीवर होणार होता आणि तो मीच लिहिणार होते.

“नाही, सर,” मी म्हटले.

बंदी उठली. साधन माझ्या ताब्यात द्यावे, कारण बाईंच्या हाती ते सुरक्षित राहील, असे एकमताने ठरले. मी ते स्वच्छ अक्षरात लिहिले. पुढे बारा वर्षे ते माझ्या टेबलाच्या खणात होते. त्याने मी कितीतरी विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि एकदा खुद्द गणिताच्या प्राध्यापकांची प्रश्नपत्रिका बिघडलेल्या फ्लॉप्यांतून परत मिळवून दिली, आणि पुन्हा कधी परक्या मजकुरापाशी थांबले नाही. मामा आता नाहीत. ती मुलगी मुंबईत असल्याचे ऐकते. प्राचार्यांना खरे सांगावे, असे अनेकदा मनात आले आणि तेवढ्याच वेळा राहून गेले.

त्या सभेत माझ्या जागी आपण असता, तर काय उत्तर दिले असते?